क्रूझची कागदपत्रं: देश मोजू नका, प्रवेश मोजा

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर १४ नोव्हेंबरला सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ त्यांनी बुक केली आहे: सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. जाणार आहेत त्या दोघं नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि नणंदेचा पंधरा वर्षांचा मुलगा. एजंट म्हणतो, पासपोर्ट आणि सिंगापूरचा व्हिसा झाला की काम झालं. सासूबाईंचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. ताईंचा स्वतःचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे आणि यजमानांनी बुकिंग सासरच्या नावाने केलंय. लग्नाचा दाखला सोबत ठेवला तर चालेल का, कागद छापून न्यायचे की मोबाइलमध्ये दाखवले तरी पुरे, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी थेट उत्तरं देते, कारणं मागाहून. सासूबाईंचा पासपोर्ट चालणार नाही, याच आठवड्यात नूतनीकरणाला टाका. लग्नाच्या दाखल्याने काम होणार नाही, बुकिंगमधलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. आणि जे तुम्ही विचारलंच नाहीत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: नणंदेच्या मुलासाठी त्याच्या आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल. एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धवट सांगतोय. क्रूझच्या बाबतीत अर्धवट माहितीने माणसं धक्क्यावर राहतात.

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात तेवीस वर्षं व्हिसाच्या फाइली करते. हॉटेल, विमान, फिरणं हे माझे सहकारी बघतात. माझ्या टेबलावर फक्त पासपोर्ट येतात. क्रूझची फाइल आली की मी पहिल्यांदा जहाजाचा मार्ग एका कोऱ्या कागदावर लिहून काढते. बंदरांची नावं एकाखाली एक, आणि जिथे जहाज एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्या देशाच्या हद्दीत जातं तिथे आडवी रेघ. तुम्हीही हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. तुमचा मार्ग असा होतो: मुंबईहून सिंगापूर, रेघ. सिंगापूरहून पिनांग म्हणजे मलेशिया, रेघ. पिनांगहून फुकेत म्हणजे थायलंड, रेघ. फुकेतहून पुन्हा सिंगापूर, रेघ. आता बघा, सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा शिरताय, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. तुमच्या सगळ्या तयारीचा पाया हा आहे. लोक देश मोजतात, मोजायचे असतात प्रवेश.

विमानाने सिंगापूरला जाऊन आलात तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो. जहाज मात्र तुम्हाला त्या देशाबाहेर नेतं आणि पुन्हा आणून सोडतं. जहाजावर तुम्ही एकाच खोलीत झोपताय, सामान हलवत नाही, त्यामुळे आपण देश सोडला असं मनाला वाटतच नाही. इमिग्रेशनच्या दृष्टीने मात्र सोडलेला असतो. सिंगापूरचा पर्यटक व्हिसा भारतीयांना सहसा अनेक प्रवेशांचाच मिळतो, पण 'सहसा' या शब्दावर पाच जणांची सहल टांगून ठेवू नका. व्हिसाचा कागद हातात आला की प्रवेशांच्या रकान्यात काय छापलंय ते स्वतः वाचा, पाचही जणांच्या कागदांवर.

दुबईच्या क्रूझवर हीच चूक मी फार वेळा पाहिली. गिरगावातलं एक जोडपं, दोघं बँकेतून निवृत्त. दुबईहून निघून आखातातली दोन-तीन बंदरं करून परत दुबई. फाइल आमच्याकडची नव्हती, पण ओळखीतले म्हणून त्यांनी बंदरातून मला फोन केला. काकांचा आवाज कापत होता. बॅगांना पट्ट्या लावून त्या आत गेल्या होत्या, काउंटरवरच्या मुलीने व्हिसाचा कागद त्यांच्याकडे वळवला आणि एका ओळीखाली पेन टेकवला. सिंगल एंट्री. ती म्हणाली, तुम्ही आज दुबईतून बाहेर पडलात की हा व्हिसा संपला, चार दिवसांनी परत कशाच्या आधारे येणार? व्हिसा काढणाऱ्याने दुबईचा व्हिसा बरोबरच काढला होता, पण तो दुबईला जाऊन येणाऱ्याचा होता. त्यांना आत सोडलं नाही. बॅगा परत मिळायला दोन तास लागले, जहाज संध्याकाळी निघून गेलं आणि भरलेल्या पैशांतलं काही परत आलं नाही. काकूंनी त्या सहलीसाठी शिवून घेतलेल्या कपड्यांची बॅग पुढे कितीतरी दिवस उघडली नव्हती, असं त्यांच्या मुलीने मला सांगितलं. ते ऐकल्यापासून क्रूझच्या फाइलवर प्रवेशांची संख्या मी लाल शाईने लिहिते.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू, मग त्या देशाचा व्हिसा कशाला?" बहुतेक कंपन्या हे ऐकून घेत नाहीत. जहाज त्या देशाच्या बंदरात लागतं आणि प्रवाशांची यादी तिथल्या अधिकाऱ्यांकडे जाते. तुम्ही आजारी पडलात, जहाज बिघडलं, तर तुम्हाला तिथेच उतरावं लागेल. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर भुर्दंड कंपनीला बसतो. म्हणून निघतानाच सगळ्या बंदरांचे कागद तपासले जातात, आणि तपासणारे बहुतेक वेळा इमिग्रेशनचे अधिकारी नसून कंपनीची माणसं असतात. त्यांच्यापुढे विनवणी करून काही होत नाही, कारण सूट देण्याचा अधिकार त्यांना नसतोच.

तुमच्या मार्गावर मलेशिया आणि थायलंडचं काम सोपं आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ दिलं, थायलंडनेही २०२४ मध्ये पर्यटनासाठी व्हिसाची अट काढली. पण या सवलती आहेत. त्यांना मुदती असतात आणि दिवसांची संख्या बदलते. बुकिंगच्या वेळी बघितलं म्हणून निर्धास्त राहू नका, निघण्याआधीच्या आठवड्यात पुन्हा बघा. शिवाय सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आहे. ते ऑनलाइन भरायचं असतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं, आणि प्रत्येक प्रवेशासाठी वेगळं लागतं. म्हणजे विमानाने जाताना एकदा आणि जहाजावरून परत येताना पुन्हा एकदा. दुसरं भरायला लोक विसरतात, आणि मग भर समुद्रात जहाजाचं महागडं इंटरनेट घेऊन भरत बसतात. मलेशिया आणि थायलंडचीही अशीच डिजिटल कार्डं आहेत. क्रूझच्या प्रवाशांनी ती स्वतः भरायची की जहाज यादी देतं, हे तुमच्या कंपनीच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. ही कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. पैसे मागणारं पान उघडलं तर ते लगेच बंद करा. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या दोघांनी तरी अशा पानावर कार्डाचा नंबर टाकलेला असतो.

आणखी एक. सिंगापूरने २०२२ पासून पासपोर्टवर शिक्के मारणं बंद केलंय. किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं. शिक्का दिसला नाही म्हणून सासूबाई घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता सासूबाईंचा पासपोर्ट. बहुतेक देश आणि जवळजवळ सगळ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांची मुदत मागतात. लोक ती निघण्याच्या तारखेपासून मोजतात. मी नेहमी परतीच्या तारखेपासून मोजायला सांगते, मग कुठल्याच काउंटरवर वाद होत नाही. तुम्ही १८ नोव्हेंबरला उतरणार, म्हणजे पासपोर्ट १८ मेच्या पुढेपर्यंत हवा. मार्च म्हणजे दोन महिने कमी. पासपोर्ट संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा थांबायचं कारण नाही. तुम्हाला ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचं. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा घेऊन जा. पत्ता बदलला असेल तर पोलीस व्हेरिफिकेशनचा वेळ धरा, आणि पोलीस घरी येतील तेव्हा सासूबाई गावाला गेलेल्या नसतील एवढं बघा. यात काही नाट्यमय नाही, पण 'अर्जदार घरी नाही' असा शेरा पडला की महिना सहज जातो. सिंगापूरचा व्हिसा नव्या पासपोर्टावरच काढायचा, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

मुलीचा पासपोर्टही उघडून बघा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले म्हणून सगळे एकाच दिवशी संपतील असं आपण धरून चालतो. तिचा ती तीन वर्षांची असताना काढला असेल तर तो याच वर्षी संपतोय. दरवर्षी मे महिन्यात अशी दोन-तीन कुटुंबं माझ्यासमोर बसून मुलाच्या पासपोर्टकडे बघत राहतात.

आणि पासपोर्टची अवस्था बघा. मुंबईचा पावसाळा काय करतो तुम्हाला ठाऊक आहे, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते तशीच पासपोर्टलाही. फोटोच्या पानावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात उचललं गेलंय, शिवण सुटलीय, पोराने मागच्या पानावर पेनाने चित्र काढलंय, अशा पासपोर्टला काउंटरवर हरकत घेतली जाते. पान बोटांत धरून उजेडात तिरकं करा, फोटोवर पाण्याची कड दिसते का बघा. शंका आली तर तोही बदलून घ्या. नवा आला की तो सुक्या जागी ठेवा, देवघराच्या खणात नको, तिथे तेलाचे डाग पडतात.

नावाचा प्रश्न मला जरा विस्ताराने सांगायचाय, कारण आपल्या मराठी घरांत तो वेगळाच गुंतलेला असतो. जहाजावर चढताना तुमच्या कागदावरचं नाव प्रवासी यादीतल्या नावाशी अक्षराला अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे बाईची नावं किती? शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलेलं दुसरं, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं. त्यात इंग्रजी स्पेलिंग ज्याने त्याने आपल्या मनाने केलेलं.

बॅलार्ड पिअरवर एका आजींना मी स्वतः सोडायला गेले होते, मुंबई-गोवा क्रूझ होती. नातवाने बुकिंग केलं होतं ते घरात सगळे हाक मारतात त्या नावाने, म्हणजे लग्नातल्या नावाने. आधारवर शाळेतलं नाव. काउंटरवरच्या मुलाने आधार बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा आधार बघितलं. आजींनी कापडी पिशवीतून चेन असलेली प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून रेशनकार्ड, त्याच्या घडीतून लग्नपत्रिका. पिवळी पडलेली, कोपऱ्यात हळदीचा डाग. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाल्या, बघ बाळा, दोन्ही नावं आहेत यात. तो मुलगा चांगला होता, त्याने पत्रिका आदराने वाचली. पण पत्रिका हा ओळखीचा पुरावा होत नाही. सुदैवाने बुकिंग करणारा नातू शेजारीच उभा होता, वरिष्ठांना बोलावून यादीतलं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घेतलं. दीड तास गेला आणि आजी तेवढा वेळ खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या, जणू चूक त्यांची होती. ती नव्हती. परदेशी क्रूझ असती तर हे तिथे दुरुस्त होणं अवघड होतं.

म्हणून ताई, तुमच्या बाबतीत सांगते. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाचा तुमचा पासपोर्ट पूर्ण वैध आहे. त्याला हात लावू नका, तो बदलायला गेलात तर प्रवास जवळ आलेला असताना नवी उठाठेव सुरू होईल. बदलायचं ते बुकिंग. क्रूझच्या कंपनीला आणि विमान कंपनीला आजच लिहा, पासपोर्टची प्रत जोडा आणि नाव त्यावर आहे तसं करून घ्या. पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम' म्हणजे नाव आणि 'सरनेम' म्हणजे आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्याकडे गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ते दोन्ही शब्द तसेच लिहा. लग्नाचा दाखला बॅगेत ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर निघू नका. आणि घरात कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर दुबईचा बेत करताना आधी विचारून घ्या, एकच शब्द असलेल्या नावाला तिथे पर्यटक व्हिसावर अडवतात.

लोकांना वाटतं ही अक्षरांची कटकट उगाच आहे. मला तसं कधीच वाटलं नाही. आमचं मूळ घर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात त्या दिवसाचं नाव अजूनही हळू आवाजात घेतात. जहाज सुटण्याआधी जहाजावर नेमकी किती माणसं आहेत ती मोजायची, त्यांची नावं लिहायची आणि कुणाला संकटात वेगळी मदत लागेल याची नोंद ठेवायची, हे आज आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेलं आहे. सासूबाईंना चालायला त्रास असेल तर तेही फॉर्ममध्ये खरं लिहा. ती यादी म्हणजे जहाजावर कोण आहे याची किनाऱ्याकडे राहिलेली नोंद असते, आणि तुमचं नाव तिथे बरोबर असावं असं मला मनापासून वाटतं.

आता भाचा. पंधरा वर्षांचा मुलगा, सोबत आईवडील नाहीत, मामा-मामी आहेत, आडनाव वेगळं. काउंटरवर पहिला प्रश्न येणार, हा कोणाचा? संमतीपत्रात मुलाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, तुम्हा दोघांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक, जहाजाचं नाव, तारखा, बंदरं, आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना परवानगी देण्याचा अधिकार तुम्हाला दिल्याचं वाक्य हवं. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. समुद्रात पोराच्या पोटात दुखायला लागलं तर जहाजाचा डॉक्टर आधी तेच विचारील. सही आई आणि वडील दोघांची, एकाची नाही. इंग्रजीत टाइप करून स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घ्या. मुंबईत असाल तर किल्ला कोर्टाबाहेरचे टायपिस्ट असलं पत्र तासाभरात करून देतात, पण मसुदा तुम्ही घेऊन जा, त्यांच्याकडचा ठोकळेबाज मसुदा शाळेच्या सहलीचा असतो. काही कंपन्यांचा स्वतःचा नमुना असतो, तोही भरा. सोबत आईवडिलांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि मुलाचा इंग्रजीतला जन्मदाखला. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर पालिकेतून इंग्रजी मजकुराचा नवा घ्या. दाखल्यावर आईचं नाव असतं, त्यावरून मामाशी नातं जोडता येतं. तुमच्या मुलीचाही जन्मदाखला ठेवा, कारण तिचं आडनाव तुमच्या पासपोर्टवरच्या आडनावाशी जुळणार नाही.

हे वाचून इतरही लोक आपापल्या सहलीचं बघतील, म्हणून बाकीच्या मार्गांचं थोडक्यात लिहिते.

मुंबईहून गोव्याला किंवा कोचीला जाणाऱ्या देशांतर्गत क्रूझला पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी मूळ कार्ड ठेवा. पॅन कार्डावर विसंबू नका, त्यावर पत्ता नसतो. पॅन लागतं ते परदेशी सहलीचे पैसे भरताना, त्या रकमेवर आगाऊ वसूल होणाऱ्या करासाठी. लक्षद्वीपला जहाज जाणार असेल तर प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनुसार बेटाबाहेरच्या प्रत्येकाला, आपण भारतीय असलो तरी, तो घ्यावा लागतो. क्रूझ कंपनी बहुधा तो काढते, पण त्यासाठी तुमचे तपशील ती ठरलेल्या मुदतीतच मागते. अमेरिकेहून आलेला ओसीआय कार्डधारक भाऊ (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेला भारतीय वंशाचा) सोबत येणार असेल तर त्याला आधीच कंपनीशी बोलायला सांगा, त्याला परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही लागतील आणि लक्षद्वीपसाठी त्याचा परवाना वेगळा.

युरोपात जहाज पूर्ण वेळ शेंगेन देशांतच, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटातच, फिरत असेल, बार्सिलोना, मार्से, जेनोआ असं, तर एक प्रवेश पुरतो. ग्रीसच्या बेटांबरोबर तुर्कस्तान असेल, किंवा क्रोएशियाच्या पुढे माँटेनेग्रो असेल, तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत येता, तेव्हा दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, जुन्या माहितीवर जाऊ नका. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतीनंतर तीन महिने चालणारा पासपोर्ट, आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना नको. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखा पटापट जातात.

अमेरिकेचं मात्र जरा थांबून वाचा. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या क्रूझला पासपोर्ट नसला तरी चालतो, जन्मदाखला आणि ओळखपत्र पुरतं. ती सोय अमेरिकी नागरिकांसाठी आहे. आपल्या पासपोर्टवाल्यांना पासपोर्ट आणि पुन्हा प्रवेश देणारा अमेरिकेचा व्हिसा लागतोच, शिवाय वाटेतल्या बेटांचे नियम वेगळे. अडचण बहुधा आई-बाबांची नसते, त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा असतो. अडचण असते तिथे नोकरी करणाऱ्या मुलाची. त्याचा पासपोर्टवरचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा संपलेला असतो आणि हातात फक्त मुदतवाढीचं मंजुरीपत्र असतं. अमेरिकेत राहायला ते पुरतं, बहामाला जाऊन परत यायला पुरत नाही. संपलेल्या व्हिसावर परत येण्याची एक मर्यादित सवलत आहे, ती त्याला कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आणि ३० दिवसांच्या आत लागू होते, कॅरिबियन बेटांसाठी नाही. आईवडिलांना आनंद द्यायला काढलेल्या क्रूझवरून परतताना मुलाची नोकरीच टांगणीला लागावी हे होऊ देऊ नका. अलास्काला सिएटलहून जाणारी जहाजं वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदरात थांबतात, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला तिथल्या दोन बंदरांमध्ये सरळ प्रवासी नेता येत नाहीत. त्या काही तासांच्या थांब्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो.

पूर्व आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेची बंदरं असतील तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड, आणि लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. गरोदर बाईला बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यापासून घेत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ सहसा नेता येत नाही.

निघण्याच्या दिवसाचं एक लक्षात ठेवा, ताई. टर्मिनलवर मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या संध्याकाळी खोलीबाहेर येतात. पासपोर्ट, व्हिसा, संमतीपत्र, सासूबाईंची रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, यातलं काहीही त्या बॅगेत जाता कामा नये. गळ्यात अडकवायची एकच पिशवी, ती एकाच माणसाकडे. ऑनलाइन चेक-इन घरीच करून घ्या. काही मार्गांवर जहाज सगळ्यांचे पासपोर्ट आपल्याकडे जमा करून घेतं आणि शेवटच्या रात्री परत देतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण देण्याआधी फोटोच्या पानाची प्रत हातात ठेवा. पासपोर्ट तुमच्याकडेच राहिला तर बंदरावर उतरताना तो सोबत न्यायचा की तिजोरीत ठेवायचा हे रोजच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर हरवलाच तर पोलिसांत तक्रार, जहाजाच्या स्थानिक एजंटला फोन आणि भारतीय वकिलात. वकिलात परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देते. त्यावर तुम्ही भारतात येऊ शकता, क्रूझ पुढे चालू ठेवणं त्यावर होत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, छापील की मोबाइल. छापील, प्रत्येकाचे दोन संच. एक गळ्यातल्या पिशवीत, एक यजमानांकडच्या बॅगेत. मोबाइलमध्येही ठेवा, पण डाउनलोड करून, ईमेलमध्ये शोधावं लागेल असं नाही. किनारा सुटल्यावर तासाभरात नेटवर्क जातं. संमतीपत्र मात्र नोटरीच्या शिक्क्याचं मूळच हवं, त्याचा फोटो चालत नाही. आणि नणंदबाई सध्या पुण्यात असतील तर सही करायला त्यांना आणि त्यांच्या यजमानांना एकाच दिवशी नोटरीसमोर यावं लागेल, ती तारीख आजच ठरवून टाका.